अमेरिकेतल्या लहान गावांमधली जुनी सार्वजनिक ग्रंथालयं एकाच साच्यातली का दिसतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत गावोगावी जुन्या ग्रंथालयाची इमारत तशीच का दिसते: समोर पायऱ्या, मधोमध दार, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या. हे सगळं एकाच वास्तुविशारदाचं काम आहे का?

वास्तुविशारद वेगवेगळे होते, पैसा मात्र बहुतेक ठिकाणी एकाच माणसाचा होता. पोलादाच्या धंद्यात अफाट श्रीमंत झालेल्या अँड्र्यू कार्नेगींनी अमेरिकेत १,६०० हून अधिक ग्रंथालयं बांधायला पैसे दिले. १९१९ नंतर नव्या देणग्या थांबल्या. देणगी फक्त इमारतीसाठी असायची. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी करातून खर्च करायची. म्हणजे १०,००० डॉलर घेतले, तर वर्षाला १,००० डॉलर गावाच्या माथी. मला ही अट इमारतीपेक्षाही मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे ग्रंथालय चालवणं ही गावाची जबाबदारी ठरली. अर्थात सगळ्यांनी हात पुढे केला नाही. १८९२ मध्ये कार्नेगींच्याच होमस्टेड इथल्या पोलाद कारखान्यातल्या संपात कामगार मारले गेले होते. त्या मालकाचा पैसा घ्यायचा का, यावरून बरेच वाद झाले आणि काही गावांनी देणगी नाकारली.

आता साच्याबद्दल. कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्रम सगळा पत्रव्यवहार सांभाळत. सुरुवातीला गावं दर्शनी भागावर आणि घुमटांवर पैसे उधळत आणि आत पुस्तकांना जागा उरत नसे. म्हणून बर्ट्रम नकाशे तपासू लागले आणि १९११ मध्ये त्यांनी सूचनांचं एक छोटं पत्रकच काढलं. आयताकृती इमारत, एक मजला आणि खाली तळघर. आत एकच मोठी खोली, भिंतींऐवजी पुस्तकांच्या कपाटांनी विभागलेली, म्हणजे देवघेवीच्या टेबलापाशी बसलेल्या एकट्या ग्रंथपालाला सगळीकडे लक्ष ठेवता येईल. लहान गावाला दुसरा पगार परवडणार नव्हता, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

अशा इमारतीत गेलात तर बाजूच्या आणि मागच्या खिडक्या बघा. त्या जमिनीपासून सहा-सात फुटांवर सुरू होतात. खालची सलग भिंत पुस्तकांसाठी मोकळी राहते आणि उजेड वरून येतो.

पायऱ्यांबद्दल सांगतात की त्या ज्ञानाकडे चढत जाण्याचं प्रतीक आहेत. मला त्यामागे साधा हिशेब दिसतो. तळघर नऊ-दहा फूट उंच हवं, कारण व्याख्यानाची खोली तिथेच. जमिनीखाली मात्र ते चारेक फूटच न्यायचं. उरलेले पाच-सहा फूट जोतं वर येतं आणि तेवढं चढण्यासाठी पायऱ्या लागतात. आज व्हीलचेअरवरच्या वाचकाला त्याच पायऱ्या आडव्या येतात, म्हणून अनेक ठिकाणी मागे किंवा बाजूला लिफ्टसह नवा भाग जोडलाय. चारही बाजूंनी उजेड येईल आणि पुढे वाढवता येईल एवढी मोकळी जागा ठेवा, हेही त्याच पत्रकात होतं. त्यामुळे जिथे गावाने ते ऐकलं, तिथे मूळ इमारत न पाडता ही भर घालता आली.

एखाद्या विशिष्ट गावाचा इतिहास हवा असेल, तर आधी नगरपरिषदेचे जुने ठराव पाहा. दहा टक्क्यांचं वचन तिथे सापडेल. बर्ट्रम यांच्याशी झालेला पत्रव्यवहार न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मायक्रोफिल्मवर जपलेला आहे.