आधी प्रत, मग फाइली

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची बारा वर्षांची ध्वनिमुद्रणं एकाच १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहेत, दुसरी प्रत नाही. फोल्डर दिसतात, पण एकेक अभंग उघडायला पाच-दहा मिनिटं लागतात, कॉपी मध्येच अडकते. विंडोज 'स्कॅन करून दुरुस्त करू का' विचारतं. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट करून सॉफ्टवेअरने काढू. काय करावं?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आधी डिस्क काढून ठेवा. दोन्ही सल्ले नाकारा. विंडोजची दुरुस्ती डिस्कवरच लिहिते. न वाचता आलेल्या जागेवरच्या फाइलींच्या नोंदी त्यात उडू शकतात. फॉरमॅटने तर फाइलींच्या नोंदीच पुसल्या जातात आणि आजारी डिस्कवर नाहक ताण पडतो.

साधी कॉपी एका खराब सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यावर) पुन्हापुन्हा धडकत बसते. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम चांगला भाग आधी उचलतो, अडलेला मागे ठेवतो. तो सिस्टमरेस्क्यू या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मोफत लिनक्स सिस्टममध्ये तयारच असतो. दुसऱ्या संगणकावर सिस्टमरेस्क्यूचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून संगणक सुरू करा. नवी डिस्क २ टीबीची, एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडण्याची पद्धत) केलेली घ्या. आकार वेगळा असला की जुनी-नवी ओळखताना गफलत होत नाही. तरी डिस्कांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके (lsblk) कमांडने दोन्हींची नावं पाहाच. नवी तेवढी माउंट करा, म्हणजे वापरासाठी जोडून घ्या; जुनी नाही.

डीडीरेस्क्यूची पहिली फेरी 'एन' (-n) हा पर्याय देऊन : आधी जुन्या डिस्कचं नाव, मग नव्या डिस्कवरची इमेज फाइल (अख्ख्या जुन्या डिस्कची एका फाइलीतली प्रत), शेवटी मॅपफाइल. मॅपफाइलही नव्या डिस्कवरच हवी. कुठपर्यंत वाचलं ते तीत नोंदलेलं असतं, म्हणून पावसात वीज गेली तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम तिथूनच पुढे चालतं. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टममध्ये ती ठेवली, तर विजेबरोबर तीही जाते. प्रोग्रॅमने 'एफ' (-f) पर्याय मागितला तर थांबा : तुम्ही फाइलीऐवजी अख्ख्या डिस्कवर लिहायला निघालात.

सेकंदाला १०० एमबी मिळाले तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात; आजारी डिस्क दिवसही घेते. पंख्याचा वारा द्या, केबल आखूड ठेवा, मध्ये यूएसबी हब नको. फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका, आत दव धरतं. पहिली फेरी संपली की त्याच कमांडला 'एन'ऐवजी 'डी' (-d) आणि 'आर ३' (-r3) देऊन उरलेल्या जागांवर तीन फेऱ्या करा.

पुढचं काम फक्त इमेजवर. जुनी डिस्क एनटीएफएसची असेल तर सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅमने इमेज उघडून पाहा, फोल्डर नावांसकट मिळू शकतात. न मिळाले तर फोटोरेक हा फाइली हुडकणारा मोफत प्रोग्रॅम वापरा. तो एमपी३ शोधतो, पण मूळ नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. कुठला अभंग कुठला, ते ऐकूनच लावावं लागेल.

मध्येच टक्-टक् असा ठेका सुरू झाला तर लगेच बंद करा. हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग) गेल्याची ती बहुधा खूण, तिथे सॉफ्टवेअर चालत नाही. झाकण उघडू नका : हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्यापुढे धोंडा आहे. क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या, डेटा काढून देणाऱ्या लॅबकडे, अँटिस्टॅटिक पिशवीत आणि भोवती जाड स्पंज लावून पाठवा. तपासणीचे किती आणि डेटा नाही मिळाला तर किती, हे आधी लेखी घ्या.

प्रश्न : लॅपटॉपच्या एसएसडीवरून चुकून उडवलेल्या फाइली अशाच निघतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा नाही. ट्रिम (उडवलेल्या फाइलींची जागा आता नको, असं संगणकाने एसएसडीला कळवणं) चालू असलं की एसएसडी ती जागा आपणहून रिकामी करते. रिसायकल बिन, पाठवलेले ईमेल आणि व्हॉट्सॅपवर कुणाला धाडलेली प्रत तपासा.