उन्हाळ्याच्या तोंडावर टोमॅटो

दुपारी पानांनी माना टाकल्या म्हणून लगेच पाण्याचा झारा उचलू नका. ऊन उतरल्यावर झाड आपोआप सावरतं का, ते आधी बघा. सकाळीही ते मलूल दिसलं, तर मात्र खरी तहान. शंका असेल तर मातीत दोन पेरं बोट खुपसा. ओल लागली की थांबा.

पाणी सकाळी, बुंध्याशी, सावकाश द्या. पानं भिजवू नका, करप्याला, म्हणजे पानांवर डाग पाडणाऱ्या रोगाला, तेवढंच निमित्त पुरतं. एक दिवस माती ठणठणीत कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिखल, असं होत राहिलं की फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही आणि त्याचं बूड काळं पडतं. लोक यावर औषध शोधत बसतात. बहुतेक वेळा पाणी नियमित केलं की पुढची फळं चांगली येतात. वाळलेल्या पानांचं दोन-तीन बोटं जाड आच्छादन घाला, फक्त खोडाला टेकू देऊ नका.

पारा ३५ अंशांपुढे गेला की फुलं गळतात. घाबरून युरिया टाकू नका, नुसता पाला माजेल. दुपारपुरती सावलीची जाळी बांधा आणि सकाळी फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारा, परागकण सुटतात. बगलेतले, म्हणजे खोड आणि पानाच्या बेचक्यातले फुटवे काढलेत तरी फळांवरची पानं राहू द्या. ती गेली की फळं उन्हाने भाजतात.