एसएफ, एनएल प्युअर की नॉक्टिव्हिड? मधोमध बघून ठरवू नका

तुमचा प्रश्न असा की झाइस व्हिक्टरी एसएफ, स्वारोव्हस्की एनएल प्युअर आणि लायका नॉक्टिव्हिड या तीन दुर्बिणींत, तिन्ही ८×४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या, पुढचं भिंग ४२ मिमीचं), सगळ्यात शार्प कोणती. तुम्हाला चष्मा आहे, बहुतेक पाणपक्षी बघता, आणि दुकानात आलटून पालटून बघूनही फरक कळला नाही.

तो कळणारच नव्हता. ४२ मिमीचं भिंग पुरतं वापरलं तर साधारण पावणेतीन आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) इतका बारीक तपशील वेगळा दाखवू शकतं. आठपट मोठं होऊन तो डोळ्यापर्यंत येतो तेव्हा २२ आर्कसेकंदांचा झालेला असतो. धडधाकट डोळ्याची मजल ६० आर्कसेकंदांच्या आसपास. म्हणजे या दर्जाच्या दुर्बिणीत मधोमध जो तपशील असतो तो आपला डोळा पुरता टिपतच नाही, आणि वर हाताची थरथर आहेच. मध्यभागाचा खरा फरक काढायचा तर दुर्बीण ट्रायपॉडवर बसवून आयपीसमागे (डोळ्याकडच्या भिंगामागे) आणखी एक छोटी एकनळी दुर्बीण धरावी लागते. हौस असेल तर जरूर करा, पण पक्षी बघताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

त्यात भर दिवसाची. ८×४२ चं एक्झिट प्युपिल, म्हणजे आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी, ५.२५ मिमी. भर उन्हात आपली बाहुली दोन-अडीच मिमीची. म्हणजे दुपारी तुम्ही त्या ४२ पैकी मधलं जेमतेम २० मिमी वापरत असता. भिंगाचे दोष बरेचसे बाहेरच्या कड्यात असतात, ते आपोआप गाळले जातात. म्हणून दुपारी सगळ्याच चांगल्या दुर्बिणी झकास वाटतात. खरी परीक्षा सूर्य उगवण्याआधी किंवा तो मावळल्यावर, बाहुली मोठी झाली की.

मग पैसे कशाचे? माझ्या मते कडेचे, चमक अडवण्याचे आणि डोळ्याला होणाऱ्या सोयीचे.

कडेपासून सुरू करू. हजार मीटरवर एनएल प्युअर १५९ मीटर रुंदी दाखवते, एसएफ १४८, नॉक्टिव्हिड १३५. हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात. रोहितांचा थवा पाण्यावरून उठला की मग कळतं. पण रुंदी मिळाली तरी ती शेवटपर्यंत नीट आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. एखादी पाटी मधोमध घेऊन फोकस करा, फोकसला हात न लावता ती कडेला न्या. धूसर झाली, तर आता तिथेच फोकस फिरवा. लख्ख झाली तर दोष फक्त प्रतिमेच्या वाकाचा, तो डोळा बऱ्यापैकी सांभाळून घेतो, विशेषतः तरुण डोळा. फोकस फिरवूनही अक्षरं एका दिशेला ओढल्यासारखी राहिली तर तो अॅस्टिग्मॅटिझम, त्याला इलाज नाही. एनएल आणि एसएफ या दोन्हींत प्रतिमा सपाट करणारी भिंगं आहेत. लायकाने तो हट्ट इतका धरलेला नाही, कडा थोडी मऊ सोडली आहे.

कडेच्या रेषा सरळ ठेवण्याचीही किंमत मोजावी लागते, ती जाहिरातीत नसते. सरळ रेषा कडेपर्यंत अगदी सरळ ठेवल्या, की दुर्बीण आडवी फिरवताना समोरचं दृश्य गोळ्यावरून घरंगळल्यासारखं वाटतं. काहींना यात चक्क मळमळतं, काहींना पत्ताही लागत नाही. म्हणून बनवणारे मुद्दाम कडेच्या रेषांना थोडा बाक शिल्लक ठेवतात. कोणी किती ठेवला यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पाणथळीचा काठ डावीकडून उजवीकडे सलग फिरवून बघा, तुमचं डोकं सांगेल.

आता चमक. ही मला शार्पनेसपेक्षा दसपट महत्त्वाची वाटते आणि दुकानात ती कोणीच तपासत नाही. भिगवणला सकाळी पूर्वेला तोंड करून बसलात की वर उजळ आकाश, खाली चकाकतं पाणी, मधे काळपट काठ आणि त्यात बदकं. अशा वेळी दुर्बिणीच्या आत उडालेला प्रकाश प्रतिमेवर दुधाळ पडदा टाकतो आणि लाखोंची दुर्बीण हजारांची होते. तपासायची पद्धत सोपी आहे. सूर्य दुर्बिणीत चुकूनही येणार नाही अशा बेताने त्याच्या खालच्या बाजूच्या झाडीकडे रोखा. मग डोळा आयपीसपासून वीतभर मागे घ्या. मधे पांढरी चकती दिसेल, तेच एक्झिट प्युपिल. तिच्याभोवतीचा भाग काळाकुट्ट हवा. तिथे, बहुधा खालच्या बाजूला, चंद्रकोरीसारखी उजळ रेघ दिसली की समजा, डोळा जरा सरकला किंवा बाहुली मोठी झाली की ती रेघ आत शिरणार. ती शिरते की नाही हे तुमच्या डोळ्याच्या खोबणीवर, चष्म्यावर, आयकप (आयपीसभोवतीची रबरी कडी) किती वर काढलेत यावरही ठरतं. म्हणून एकच मॉडेल एकाला स्वच्छ दिसतं आणि दुसऱ्याला धुरकट. दोघंही खरं बोलत असतात.

रंगीत झालर बघायची तर काळ्या झाडीपुढचा पांढरा बगळा किंवा आकाशासमोर उभा शेकाट्या. या तिघींत मधोमध ती जवळजवळ नाहीच. कडेला सगळ्यांतच थोडी येते.

रंगाबाबत माझं मत: लायका किंचित उबदार आणि गडद, झाइस थोडी थंड, स्वारोव्हस्की मधली. दाट सावलीतला स्वर्गीय नर्तक नॉक्टिव्हिडमधून बघताना मला जो आनंद होतो तो बाकी दोघींत होत नाही, पण ही आवड झाली, मोजमाप नव्हे. प्रकाश ९० टक्के येतो की ९२, यावर तर भांडूच नका, डोळ्याला तो फरक दिसत नाही. १९८८ मध्ये झाइसने रूफ प्रिझमवर (सरळ नळ्यांच्या दुर्बिणींतल्या प्रिझमवर) फेज कोटिंग, म्हणजे प्रकाशलहरींचा ताळमेळ बिघडू न देणारा लेप, आणलं, त्याने पडलेला फरक खरोखर दिसणारा होता. आताची सुधारणा बोटभर आहे.

तुमच्यासाठी म्हणाल तर नुसत्या प्रतिमेवर मी एनएल निवडेन. चष्म्यातून ती अख्खी रुंदी दिसते का, एवढं मात्र स्वतःच्या चष्म्यानेच बघा. कागदावरचा १८ मिमी आय रिलीफ (आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) फ्रेम नाकावर कशी बसते त्यावर कमी-जास्त होतो. माझ्या गळ्यात एसएफ आहे, पण त्याचं कारण तोल. वजन डोळ्याच्या बाजूला असल्याने हात कमी दुखतो, कमी थरथरतो, आणि मग तीच प्रतिमा जास्त शार्प भासते. शिवाय ती दीड मीटरवर फोकस होते, फुलपाखरांना बरी.

एक विचार अजून करा. तुमचं बघणं बहुतेक उघड्या पाण्यावर आणि लख्ख उजेडात आहे. दहा वाजले की पाण्यावरची हवा उकळल्यासारखी हलायला लागते, तिथे कुठलीच दुर्बीण काही करू शकत नाही. त्याआधीच्या उजेडाला ३२ मिमी पुरतं. एसएफ ८×३२ चं दृष्टिक्षेत्र १५५ मीटर आणि वजन ६०० ग्रॅम, ८×४२ पेक्षा १८० ग्रॅमनी कमी. सिंहगडाच्या दरीसारख्या झाडीत पहाटे बसायचं असेल तरच ४२ चं ओझं वागवा.