निऑनची मेमकॉपी लिहूनही फ्रेम ड्रॉप होतात? आधी बफर कुठला आहे ते बघ

भाऊ, तुझी पोस्ट वाचली आणि आमचे ते अडीच महिने जसेच्या तसे डोळ्यासमोर आले. एआरएम 64 चा बोर्ड, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, परफ टॉपमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल) कॉपी-टू-यूजर, म्हणजे कर्नलमधला डेटा प्रोग्रामला देणारी कॉपी, सगळ्यात वर, म्हणून तू निऑनमध्ये, म्हणजे एआरएमच्या एका झटक्यात बरेच बाइट हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शनांमध्ये, स्वतःची मेमकॉपी (मेमरी कॉपी करणारं फंक्शन) लिहिलीस, टेस्टमध्ये ती दुप्पट वेगाने पळाली आणि ड्रायव्हरमध्ये लावल्यावर फ्रेम ड्रॉप होतेत तेवढेच. पहिली नोकरी आहे म्हणतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

अलाइनमेंट, लूप अनरोल हे सगळं तुला येतं ते कोडवरून दिसतंय, त्यात जात नाही. एकच सांग, तो बफर कशाने अलॉकेट केलाय? पोस्टमध्ये ती ओळच नाही. डीएमए-अलॉक-कोहेरंटने (डीएमएसाठी, म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरशिवाय थेट मेमरीत लिहावं म्हणून, बफर देणारं कर्नलचं फंक्शन) केला असेल, आणि मला तसंच वाटतंय, तर असेंब्लीला हात लावणं आजच थांबव.

आमचं काय झालं ते सांगतो. परसोडीच्या आयटी पार्कात एका छोट्या कंपनीत होतो तेव्हा, कॉर्टेक्स ए53 चा बोर्ड होता. फ्रेम 1280 बाय 720, पिक्सेलला 2 बाइट, म्हणजे एका फ्रेमचे 18,43,200 बाइट, आणि सेकंदाला 30 फ्रेम. एका फ्रेमला 33 मिलिसेकंद मिळतात, त्यातले 28 एकटी कॉपी खायची. हिशोब केला तर डेटा सेकंदाला 55 एमबीच आहे, एवढ्याशा डेटाला प्रोसेसर दमायचं काही कारणच नाही, तिथेच थांबून विचार करायला पाहिजे होता. पण परफमध्ये कॉपीचं फंक्शन वर दिसलं की माणूस त्या फंक्शनलाच दोषी धरतो. परफ अ‍ॅनोटेट उघडलं तर सगळे सॅम्पल एसटीपीच्या ओळीवर, म्हणजे लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनवर. आम्ही म्हटलं राइट हळू आहे, चला डेस्टिनेशन प्रीफेच करू, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या फास्ट मेमरीत, कॅशमध्ये, आधीच आणून ठेवू. ए53 हा इन-ऑर्डर कोर आहे, इन्स्ट्रक्शन क्रमानेच चालवतो, लोडचा, म्हणजे वाचणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा, डेटा यायचा असतो आणि प्रोसेसर अडकून बसतो तो त्या डेटाची पहिल्यांदा गरज पडते त्या इन्स्ट्रक्शनवर. अडकलेला होता लोड, नाव लागत होतं स्टोअरला. हे कळायला आम्हाला 3 आठवडे लागले.

आणि सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे आमची टेस्ट. मी केमॅलॉकने (कर्नलचं साधं मेमरी अलॉकेशन) 4 केबीचे 2 बफर घेतले आणि लाखभर वेळा एकातून दुसऱ्यात कॉपी केली. पहिल्या फेरीनंतर दोन्ही बफर एल1 कॅशमध्येच बसलेले, आकडे एकदम झकास, निऑन जिंकलं, साहेबांना ग्राफ दाखवला, त्यावर पुढचे 2 महिने मंजूर झाले. ड्रायव्हरमधला बफर मात्र अनकॅश्ड, म्हणजे कॅशमध्ये न येणारा. डिव्हाइस कोहेरंट नसेल, म्हणजे त्याने मेमरीत लिहिलेलं कॅशला आपोआप कळत नसेल, तर एआरएम 64 वर कोहेरंट अलॉकेशनची मेमरी कर्नल नॉन-कॅशेबल मॅप करतो, म्हणजे एलडीपी या वाचणाऱ्या इन्स्ट्रक्शनने 16 बाइट मागितले की तेवढ्यासाठी थेट डीरॅमपर्यंत (मुख्य मेमरीपर्यंत) चक्कर, पुढच्या 16 साठी परत चक्कर. 64 बाइटची अख्खी कॅशलाइन एकदम येणं, पुढच्या ओळी आधीच येऊन थांबणं, यातलं काहीच तिथे होत नाही. लूप कितीही सुंदर लिही, वाट बघणं तेवढंच राहणार.

पकडलं कसं, तर 10 ओळींच्या टेस्टने. कॉपीचा सोर्स बदलला, डीएमए बफरऐवजी तेवढ्याच साइझचा साधा कॅश्ड बफर दिला, बाकी सगळं जसंच्या तसं, आणि स्टॉकच्या, म्हणजे कर्नलच्याच मूळ, कॉपी-टू-यूजरने 28 चे 2 मिलिसेकंद झाले. मी तीनदा रन केलं, विश्वासच बसेना. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, ऑफिसात मी आणि वॉचमन. तू पण सगळ्यात आधी हीच टेस्ट कर.

त्यावरचा उपाय म्हणजे स्ट्रीमिंग डीएमए. साधी कॅश्ड मेमरी घे, डीएमए-मॅप-सिंगलने मॅप कर, डिरेक्शन फ्रॉम-डिव्हाइस दे. फ्रेम आली की वाचायच्या आधी सिंक-फॉर-सीपीयू, बफर परत देताना सिंक-फॉर-डिव्हाइस. सिंकला वेळ लागतो, 64 च्या हिशोबाने एका फ्रेमच्या 28,800 कॅशलाइन इनव्हॅलिडेट होतात (जुन्या म्हणून टाकून दिल्या जातात), तरी आमच्याकडे सगळं मिळून 3 मिलिसेकंदांच्या आसपास बसलं. इथे एक घोळ आम्ही केला तो तू करू नको. आम्ही फक्त बफर देतानाचा सिंक ठेवला, वाटलं मधे सीपीयू त्याला हात लावतच नाही. पण प्रीफेचर स्वतःहून ओळी कॅशमध्ये ओढून आणतो, डीएमए चालू असताना पण. मग चित्रात मधेमधे बारीक आडव्या रेघा दिसायला लागल्या, प्रत्येक रेघ मोजून 32 पिक्सेल लांब, आणि त्यात मागच्या फ्रेमचं चित्र. 32 पिक्सेल गुणिले 2 बाइट, बरोबर एक कॅशलाइन. अशा रेघा दिसल्या तर सेन्सरला आणि केबलला दोष देत बसू नको, सिंक कुठे राहिला ते शोध.

कोणीतरी खाली तुला लिहिलंय की कॉपीच काढून टाक, एममॅप कर, म्हणजे तोच बफर थेट प्रोग्रामला दाखव. माझं मत स्पष्ट आहे, बफर अनकॅश्ड असेपर्यंत एममॅपने काही साधणार नाही. तीच हळू मेमरी यूजरस्पेसला दाखवशील आणि तिथला फिल्टर एकेक पिक्सेल 9 वेळा वाचत असेल तर आणखी मरशील. आधी कॅश्ड कर, मग एममॅप.

डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डवर काय हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) डीएमए-कोहेरंट प्रॉपर्टीबद्दल पण बोलतो, कारण तो राग अजून गेलेला नाही. कॅमेऱ्याचा पोर्ट कोहेरंट आहे की नाही, एवढाच प्रश्न आम्ही बोर्ड विकणाऱ्या ऑफिसला विचारला होता. 11 दिवसांनी उत्तर आलं की लेटेस्ट सिस्टीम इमेज टाका, आणि तिकीट बंद. परत उघडलं तर खरेदीचं बिल मागितलं. बिल पाठवलं तर म्हणे हा सेल्सचा विषय आहे. हो किंवा नाही, एक शब्द पाहिजे होता हो! माणसं रात्र रात्र बसतात अशा एका शब्दासाठी. शेवटी चिपचं मॅन्युअल पानोपान वाचून आम्हीच काढलं, नव्हता. तुझ्याकडे लेखी उत्तर नसेल तर ती प्रॉपर्टी अंदाजाने टाकू नको. हार्डवेअर कोहेरंट नसताना टाकलीस तर कर्नल सिंकच करणार नाही, डेमोत सगळं नीट दिसेल आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याच रेघा निघतील.

निऑन कर्नलमध्ये वापरणारच असशील तर कर्नल-निऑन-बिगिन आणि एंडमध्येच वापर, आणि हार्ड इंटरप्टमध्ये अजिबात नाही. स्टॉक मेमकॉपी साध्या रजिस्टरांवर चालते त्यामागे हेच कारण आहे, निऑनची रजिस्टरं यूजर प्रोग्रामची असतात, ती जपायचा खर्च पडतो. आणि सीमध्ये स्वतःचं मेमकॉपी नावाचं फंक्शन लिहिलंस तर जीसीसी कंपायलर आतला लूप ओळखून त्याचा मेमकॉपीलाच कॉल बनवू शकतो, मग ते स्वतःलाच बोलावत बसतं.

अजून एक, नागपुरात आहेस म्हणून. एप्रिल-मेमध्ये दुपारी 2 वाजता घेतलेल्या आकड्यांवर विसंबू नको. 45 डिग्रीत कूलरसमोर ठेवलेला बोर्ड पण थ्रॉटल होतो, म्हणजे तापून वेग कमी करतो, आमचे सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळायचेच नाहीत आणि त्या फरकाला आम्ही कोडची सुधारणा समजत होतो. सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेव आणि प्रत्येक रनसोबत टेम्परेचर लिहून ठेव.

हे सगळं माझ्या एका बोर्डाच्या अनुभवावरून आहे, तुझी चिप वेगळी असेल तर पडताळून घे. एक्स86 वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, तर डीएमए सहसा कोहेरंटच असतो, तिथे हे दुखणं नाही. 2012 च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलवर रेप-मूव्हएसबी ही कॉपीची इन्स्ट्रक्शन फास्ट झालीय आणि कर्नल बूट होताना सीपीयू बघून योग्य कोड स्वतः निवडतो. फक्त राइट-कम्बाइनिंग मेमरी (लिहिणं गोळा करून एकदम पाठवणारी, पण कॅश न होणारी) वाचायला गेलास तर तिथेही हाच रडा आहे.

सोर्स बदलून केलेल्या टेस्टचे दोन्ही आकडे आणि अलॉकेशनची ती ओळ इथेच टाक, रात्री 9 नंतर बघतो.