रेषा उभी म्हणजे नातं पक्कं? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत रेषीय समीकरणं मस्त जमायची, आता स्टॅटिस्टिक्समध्ये सहसंबंध (कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते) आला आणि सगळा गोंधळ झालाय. दोन्हीकडे सरळ रेषाच असते ना? मग रेषा जितकी उभी तितका सहसंबंध जास्त असं म्हणायचं का? मैत्रीण म्हणते हो. मला पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही.

उत्तर : पटत नाहीये ते बरोबरच आहे! आणि हा गोंधळ तुझ्या एकटीचा नाही गं, दर महिन्याला एक तरी पत्र याच प्रश्नाचं असतं.

एक मेणबत्ती घे, २० सेंमी उंच, दर तासाला २ सेंमी जळणारी. त तासांनी तिची उंची उ = २० − २त. यातला २० म्हणजे सुरुवात आणि −२ म्हणजे चढ, एक तास सरला की उंची किती बदलते ते, आणि उंची कमी होतेय म्हणून उणे. ४ तासांनी १२ सेंमी उरणार, इथे ‘साधारण’, ‘बहुतेक’ वगैरे काही नाही, तास सांगितले की उंची ठरली. (११ तास घालून बघ, उंची −२ सेंमी येते. समीकरण काही अडवत नाही, ते कुठपर्यंत चालतं हे आपणच बघायचं असतं.)

आता शेजारी दुसरी मेणबत्ती लाव, चांगली जाडजूड, तासाला अर्धाच सेंमी जळणारी. तिची रेषा बरीच आडवी, चढ पहिलीच्या पावपट. पण दोघींचे दर तासाचे आकडे लिहून सहसंबंध गुणांक (सहसंबंध मोजणारा आकडा) काढलास तर दोन्हीकडे −१ येईल, कारण दोन्हीकडे सगळे ठिपके रेषेवर अचूक बसलेत. मैत्रिणीला एवढंच दाखव, बास.

चढ सांगतो एक गोष्ट एकाने वाढली की दुसरी कितीने बदलते. गुणांक सांगतो ठिपके रेषेला किती चिकटून आहेत, आणि तो कायम −१ ते +१ च्या मध्येच राहतो. ५० माणसांची उंची आणि वजन कागदावर मांडलं तर रेषा येत नाही, ठिपक्यांचा ढग येतो, त्यातून सगळ्यात बरी बसणारी रेषा आपण ओढतो. समजा चढ आला दर सेंमीला ०.९ किलो. आता उंची मीटरमध्ये लिही, चढ एकदम ९० होतो! माणसं तीच, वजनं तीच, ढगही तोच. गुणांक मात्र तसूभरही हलत नाही, कारण चढाला एकक असतं आणि गुणांकाला एककच नसतं.

मला स्वतःला हे नीट कळलं ते रातकिड्यांमुळे. १८९७ मध्ये एमॉस डॉलबेअर नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्र छापलं: एका मिनिटातली किरकिर मोजा, त्यातून ४० वजा करा, ४ ने भागा, ५० मिळवा, आलं तापमान फॅरनहाइटमध्ये. म्हणजे १२० वेळा किरकिरला तर ७० अंश, सेल्सिअसमध्ये २१ च्या आसपास. हे अगदी शाळेतलं रेषीय समीकरण आहे, चढ पाव. पण किडा काही मेणबत्तीसारखा हिशोबाने वागत नाही, कधी दोनचार किरकिरी जास्त, कधी कमी, म्हणून ठिपके रेषेच्या आजूबाजूला राहतात आणि सूत्र तरीही कामाला येतं. समीकरण आणि सहसंबंध एकाच चित्रात हवे असतील तर मला तरी याहून सुंदर उदाहरण माहीत नाही.

प्रश्न : मी १० दिवस रोज रात्री किती मिनिटं मोबाइल बघितला आणि किती तास झोप झाली ते लिहून ठेवलं. स्प्रेडशीटने गुणांक −०.५८ दिला. मोबाइलमुळे झोप जाते हे आता सिद्ध झालं, असं घरात सांगू का?

उत्तर : १० दिवस नेटाने नोंद ठेवलीत याचं खरंच कौतुक वाटलं, बहुतेक जण तिसऱ्या दिवशी सोडून देतात. पण ‘सिद्ध झालं’ एवढ्यात म्हणू नका.

पहिलं म्हणजे १० जोड्या फार कमी. दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नसला तरी १० जोड्यांमध्ये निव्वळ योगायोगाने ०.६३ पेक्षा मोठा गुणांक (अधिक किंवा उणे) साधारण २० मधून एकदा येतोच, आणि तुमचा तर त्याहून लहान आहे. ३० दिवस केलंत तर हीच सीमा ०.३६ च्या आसपास येते, तेव्हा −०.५८ ला बराच जास्त अर्थ असेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. समजा ३० दिवसांनीही तोच आकडा आला, तरी कोणामुळे काय झालं ते तो सांगत नाही. मोबाइलमुळे झोप गेली असेल, किंवा झोप येत नव्हती म्हणून मोबाइल हातात घेतला असेल, किंवा त्या दिवशी कसली तरी काळजी होती आणि दोन्ही तिच्यामुळेच झालं असेल. वरच्या उत्तरातला रातकिडा आठवा, हवा तापली की त्याच्या शरीरातल्या क्रिया भराभर होतात म्हणून तो जास्त किरकिरतो, त्याला डिवचून जास्त किरकिरायला लावलं म्हणून हवा तापणार नाही. गुणांकाला मात्र दोन्ही दिशा सारख्याच, रकाने उलटेपालटे करून बघा, आकडा तोच येईल.

मग करायचं काय, तर रोज संध्याकाळी नाणं उडवा. छापा आला की मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत, काटा आला की नेहमीसारखं. महिनाभर हे केलंत आणि दोन्ही प्रकारच्या रात्रींची सरासरी झोप काढलीत तर काळजीचे दिवस दोन्हीकडे साधारण सारखेच वाटले जातात, कारण तुम्हाला कसली काळजी आहे हे नाण्याला माहीतच नसतं. घरच्यांसमोर ठेवायला तो फरक जास्त भक्कम पुरावा ठरेल.

प्रश्न : गुणांक शून्य आला की दोन गोष्टींचा काहीच संबंध नाही, बरोबर ना?

उत्तर : नाही. फक्त सरळ रेषेतला संबंध नाही एवढंच. चेंडू सरळ वर फेका, शून्य ते चार सेकंदांना त्याची उंची समजा ०, १५, २०, १५, ० मीटर. वेळ सांगितली की उंची पक्की ठरलेली आहे, तरी गुणांक बरोब्बर शून्य येतो, कारण अर्धा वेळ उंची वाढते आणि अर्धा वेळ तेवढीच उतरते.

उलटंही होतं. फ्रान्सिस ॲन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ११-११ ठिपक्यांचे चार संच मांडले. चारही संचांचा गुणांक ०.८१६ च्या आसपास आणि रेषाही एकच, य = ३ + ०.५क्ष. पण काढून बघितले तर एक साधा ढग, दुसरा कमानीसारखा वाकलेला, तिसरा सरळ रेषेत पण एकच ठिपका रेषा सोडून वर गेलेला, आणि चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत आणि अकरावा एकटाच लांब उभा, त्या एकट्यामुळे अख्खी रेषा तयार झालेली! म्हणून मी आधी ठिपके काढते, मग गुणांक. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी स्कॅटर चार्ट निवडा, लाइन चार्ट नको, कारण तो ठिपके ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने जोडत जातो आणि ढगाचा आकार काही दिसत नाही.