मोटर टांगायची फळी आतून कुजली, भोकं पाडून इपॉक्सी ओतू का?

प्रश्न: काका, मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. अलंगच्या जुन्या सामानाच्या बाजारातून 14 फुटी फायबरची बोट आणली, चांदोदला नर्मदेत फिरवतो. मागची फळी मोटर चालू केली की हलते आणि बोल्टपाशी चहाच्या रंगाचं पाणी गळतं. एक मित्र म्हणतो भोकं पाड, पातळ इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारा गोंद) सोड, झालं काम. करू का?

उत्तर: नको रे बाबा. फायबर कुजत नाही, पण त्याच्या पोटातलं प्लायवूड कुजतं, आणि एकदा पाणी आत शिरलं की बाहेर पडायला वाटच नसते. ओल्या भुश्यात इपॉक्सी मुरत नाही, वर कडक पापुद्रा येतो आणि खाली कूज चालूच. बोटाएवढा कोरडा डाग असता तर हो म्हटलं असतं, तुझी फळी तर हलतेय!

आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघ, चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. शंका आली तिथे आतून 4 मिमीचं भोक पाड, भुसा काळा ओला आला तर तेवढं सगळं काढायचं. तळाचे लांब दांडेही ठोक, पाणी तिथवर गेलेलं असू शकतं.

मग ग्राइंडरने फक्त आतलं फायबर काप, बाहेरचं तसंच ठेव, नवी फळी त्यालाच चिकटवायचीय. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या पाहिजेतच, आणि हे वाड्याच्या चौकात करू नकोस, फायबरच्या धुळीची खाज सुटली की शेजारी तुला सोडणार नाहीत.

प्लाय घेताना दुकानदाराचं 'वॉटरप्रूफ है' ऐकू नकोस, शीटवर आयएस 710, म्हणजे मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक, छापलंय का बघ. जाडी जुन्या फळीएवढीच. कडांना इपॉक्सी पाज, मग त्यातच सिलिका पावडर घालून श्रीखंडासारखं घट्ट करून चिकटव. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण ते लाकडाला नीट धरत नाही. वरून विणलेलं ग्लासचं कापड लाव, तुटक्या धाग्यांची साधी मॅट नको, तिचा बाइंडर (धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) इपॉक्सीत विरघळत नाही.

आणि पाणी बहुतेक बोल्टच्या भोकांतूनच शिरलंय, तेव्हा नवीन भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भर, सुकल्यावर त्यात मापाची पाड, म्हणजे लाकूड पाण्याला लागतच नाही.

मे महिन्यात मात्र हात घालू नकोस, बडोद्याच्या उन्हात इपॉक्सी डब्यातच तापून घट्ट होतं, पावसाळ्यात लाकूड सुकत नाही. दिवाळीनंतर कर. तोवर बोटीवर ताडपत्री टाक आणि तळाचं बूच काढून ठेव.