वेशीवरचा दगड

प्रश्न : ताई, आमच्या गावठाणाच्या वेशीवर एक दगड आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये पुसट अक्षरं, खाली गाढव आणि बाई. फोटो फेसबुकवर टाकला, तर कुणी म्हणालं ‘अश्लील आहे, काढा’, कुणी ‘खाली गुप्तधन आहे’, एकाने तो सातवाहनांचा ठरवूनही टाकला. सगळे लोकेशन मागताहेत. अक्षरं खडूने भरून पुन्हा फोटो टाकू का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : खडू खिशातच राहू द्या. लोकेशन तर मुळीच देऊ नका, आणि फोटोत मागची कमान किंवा दुकानाची पाटी दिसत असेल तर तो आजच काढा.

तुमचा दगड म्हणजे गधेगाळ. जमीन दान दिली, तर ते दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं म्हणून वर ते दोघे. जो मोडेल त्याच्या आईला खालची गाढवाची शिवी. शिवी खरीच, पण राजाज्ञेतली. ‘अश्लील’वाल्यांना एवढंच सांगा. कोकणात असे दगड प्रामुख्याने शिलाहारांच्या काळापासून दिसतात, आणि त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी आपलं ठाणंच, म्हणजे ‘स्थानक’. सातवाहन त्याआधी कितीतरी शतकं होऊन गेले.

खडूचं म्हणाल, तर आपण दगडावरचं अक्षर भरत नाही, डोक्यातलं भरतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख भाऊ दाजींसारख्या विद्वानाने शक ७८२ असा वाचला होता. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचं दाखवलं. त्यात ७८ मिळवले की इ.स. १०६०. एका आकड्यात दोनशे वर्षं गेली! तुम्ही खडूने सात काढलात की पुढचे सगळे सातच वाचणार. त्यापेक्षा सकाळी सातच्या सुमारास जा. ऊन तिरपं पडतं आणि दुपारी सपाट वाटणाऱ्या दगडातून ओळी वर येतात. ऊन नसेल तर रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका कडेने धरा. आमच्याकडे हे काम यजमानांचं, डासांच्या नावाने ओरडत का होईना. फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा.

लोकेशनबद्दल इतकी का चिडते, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मीच एका दगडाचा पत्ता मोठ्या हौसेने लिहिला होता : चिंचेखाली, विहिरीपासून वीस पावलं. दिवाळीनंतर गेले तर शेजारी गुडघाभर खड्डा, त्यात कापलेली लिंबं, फुटका नारळ, हळद-कुंकू. दगड पालथा पडलेला आणि एक कोपरा उडालेला. शकाचे आकडे नेमके त्याच कोपऱ्यात होते, आणि माझ्या फोटोत तिथे सावली! दुपारी बारा वाजता काढला होता ना.

तेव्हापासून मी तालुक्यापुढे काही लिहीत नाही. नेमकी जागा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवायची, आणि त्याआधी गावातल्या जुन्या माणसांना. दगडाला शेंदूर असेल तर खरवडू नका. कुणीतरी तो रोज लावत असेल, त्या माणसाशी आधी बोला. दगडाला गावात काय म्हणतात तेही टिपून घ्या. पोस्टमध्ये ‘मला दिसतं ते’ आणि ‘मला वाटतं ते’ असे वेगळे परिच्छेद करा. दुसरा छोटा झाला तरी बिघडत नाही.

आणि फोटो मलाही पाठवा. सकाळचे.